ठिपकीचा कुंचला आणि रंगाचा दुसरा हात

मित्रांनो, मी एक जुना कुंचला आहे आणि जुना असल्याची मला मुळीच लाज वाटत नाही. नवे कुंचले दिसायला झोकदार असतात, पण शाईत बुडवले की दोन रेघांतच त्यांना धाप लागते. माझ्या टोकाचे थोडे केस झडले आहेत, दांडीला एक बारीक चीर गेली आहे. तरीही आज कोणी मला शाईत बुडवून कागदावर टेकवले, तर रेघ कशाला म्हणतात ते मी दाखवून देईन. स्वतःची टिमकी स्वतः वाजवू नये असे म्हणतात. पण आपलीच कहाणी आपणच सांगायची म्हटल्यावर ती थोडी वाजणारच. तेवढी सोसून घ्या.

मराठी ही माझी जन्मभाषा नाही. मी जन्मलो तिथे माझ्या कानांवर फक्त जपानी पडत असे. मराठी मला एका मुलीने शिकवली, आणि तीही शिकवायची म्हणून नव्हे. तिला राग आला की तिच्या तोंडून आपोआप मराठी बाहेर पडे, आणि त्या उन्हाळ्यात तिला राग पुष्कळ वेळा आला. खरे म्हणजे तिचीच गोष्ट मला सांगायची आहे. पण ती मला भेटली तेव्हा माझी काय दशा होती हे कळण्यासाठी आधी थोडे माझ्याविषयी ऐका.

मला एका वयस्कर कारागिराने घडवले. त्याची खोली एवढीशी होती, तिला एकच खिडकी होती, आणि त्या खिडकीखाली बसून तो आयुष्यभर केस विंचरत आला होता. बकरीचे मऊ केस आणि घोड्याचे ताठ केस त्याने भिजवले, विंचरले, एकमेकांत मिसळले, पुन्हा विंचरले. मग सुरीच्या पात्यावर बोट टेकवून एकेक वाकडा, उलटा, तुटक्या टोकाचा केस शोधून काढला. दहा केसांतले तीन तरी त्याने फेकून दिले असतील. उरलेल्यांना दोऱ्याने करकचून बांधून मुळाशी तापल्या लोखंडाचा चटका दिला, म्हणजे ते सुटू नयेत. घोड्याचा केस हट्टी असतो आणि बकरीचा केस शाई धरून ठेवतो, दोघांचे जमले तर कुंचला होतो नाहीतर झाडू, असे तो म्हणायचा. आमचे जमले.

एका शिक्षिकेने मला विकत घेतले. परदेशी विद्यार्थ्यांना जपानी शिकवणाऱ्या एका संस्थेत ती सुलेखन शिकवायची. दर उन्हाळ्यात निरनिराळ्या देशांतून मुले यायची, आठ आठवडे राहायची, सकाळी भाषा शिकायची आणि दुपारी तिच्या वर्गात कुंचला धरून बसायची. फळ्याशेजारी मोठा कागद लावून ती माझ्या हातून एकेक अक्षर काढून दाखवी तेव्हा अख्खा वर्ग मान उंचावून बघे. अशी बारा वर्षे मी मानाने काढली. त्या दिवसांत माझे पाय जमिनीवर नव्हते, हे मी कबूल करतो.

मग एका दुपारी तिने मला एका विद्यार्थ्याला वापरायला दिले. त्याने भरपूर लिहिले, बस पकडायच्या घाईत मला न धुताच टोपण घातले आणि खणात टाकून दिले. सुट्टी लागली. पंधरा दिवसांनी मी सापडलो तेव्हा शाई मुळापर्यंत वाळून माझे लाकूड झाले होते. शिक्षिकेने मला दोनदा भिजत घातले, पण तिच्यामागे चाळीस मुलांचे व्याप होते. कधीतरी बघू, असे म्हणून तिने मला कपाटावरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले. ते 'कधीतरी' नऊ वर्षांनी उगवले.

त्या उन्हाळ्याच्या पहिल्याच तासाला एक मुलगी धापा टाकत उशिरा आली. बस चुकीच्या दिशेची पकडली होती. तोवर कुंचले वाटून संपले होते. शेजारच्या मुलाचा आलटून पालटून वापर, असे शिक्षिकेने खुणेने सांगितले. पण या बाईसाहेबांची नजर कपाटावरच्या डब्याकडे गेली. कोणाला न विचारता ती खुर्चीवर चढली, डबा काढला, आतले कुंचले एकेक करून चाचपले आणि मला उचलले. माझ्या मुळावरून अंगठा फिरवला, वास घेतला.

"मेला नाही अजून," ती स्वतःशीच म्हणाली.

मी ऐकलेले हे पहिले मराठी वाक्य. त्याचा अर्थ मला पुढे कितीतरी दिवसांनी कळला, पण अंगठ्याचा अर्थ तेव्हाच कळला. या पोरीने आयुष्यात पुष्कळ कुंचले हाताळले होते.

तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. गावात सगळे त्यांना पेंटर म्हणूनच हाक मारत. ही लहानपणापासून त्यांच्या शिडीखाली उभी असायची. मोठी अक्षरे ते काढायचे आणि अनुस्वाराचे ठिपके देण्याचा मान हिचा, म्हणून हिचे नाव पडले ठिपकी. पुढे छापील बोर्ड आले आणि शिडी बहुतेक वेळ भिंतीला टेकूनच राहू लागली. ठिपकी मात्र शाळेत हुशार निघाली, कॉलेजात जपानी शिकली. गावाबाहेरच्या यंत्रांच्या कारखान्यात जपानी इंजिनिअर यायचे होते आणि तिथल्या साहेबांनी दुभाष्याची जागा तिच्यासाठी राखून ठेवली होती. अट एकच. या उन्हाळी वर्गाचे प्रमाणपत्र घेऊन यायचे. महिनाअखेर प्रमाणपत्र आले नाही तर जागा दुसऱ्याला.

प्रमाणपत्रासाठी तीन गोष्टी पार पाडायच्या होत्या. भाषेची परीक्षा, पाच मिनिटांचे भाषण आणि सुलेखनाचा एक कागद. ठिपकीला पहिल्या दोन गोष्टींची धास्ती होती. तिसरी तिने हिशेबातच धरली नव्हती. पेंटरच्या मुलीला अक्षर काढायला काय लागते?

वसतिगृहाच्या खोलीत तिने मला कोमट पाण्यात ठेवले. दर दोन तासांनी पाणी बदलायची, बोटांनी हलकेच दाबायची, बारीक दातांच्या फणीने विंचरायची. तीन दिवस माझ्या अंगातून काळे पाणी निघत होते. बेसिनला डाग पडले तेव्हा वसतिगृहाची देखभाल करणाऱ्या बाई तिच्यावर चांगल्याच कडाडल्या. ठिपकी त्यांना मनातल्या मनात मावशी म्हणायची. मावशींनी घासणी तिच्या हातात दिली आणि बेसिन लखलखीत होईपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या. पण त्या भांडणात ठिपकीला घासणी, डाग, माफी आणि 'पुन्हा नाही करणार' एवढे चार शब्द कायमचे पाठ झाले. पुस्तकातल्या शब्दांना असे भाग्य लाभत नाही.

तिने सगळ्या खोलीला चिठ्ठ्या डकवल्या होत्या. दारावर दाराचे नाव, साबणावर साबणाचे. माझ्या दांडीलाही एक चिठ्ठी होती. सकाळी वर्गात जाताना ती बसच्या रांगेत ओठ हलवत वाक्ये घोळवायची, आणि कपडे धुवायच्या यंत्रांच्या दुकानात बसून अनोळखी माणसांशी मुद्दाम बोलायची. पहिल्या आठवड्यात तिला सुट्टे पैसे मागतानासुद्धा घाम फुटायचा. पाचव्या आठवड्यात तिने मावशींना विनोद सांगितला आणि मावशी चक्क हसल्या. मला बांबूच्या छोट्या चटईत गुंडाळून ती पाठीवरच्या पिशवीत ठेवायची, त्यामुळे हे सगळे मी जवळून पाहिले. ती धीट होती आणि चुकायला भीत नव्हती. बोलताना तरी नाही.

सुलेखनाच्या वर्गात मात्र पहिल्या दिवसापासून ठिणगी पडली.

शिक्षिकेला ती आपल्या सवयीने बाई म्हणायची. बाईंनी सगळ्यांना जपानीत 'पाणी' लिहायचे अक्षर दिले होते. फक्त चार फटकारे. मधला उभा, डावीकडचा छोटा, मग उजवीकडे दोन, आणि त्यातला शेवटचा लांब, खाली उतरत जाणारा. सहाणेसारख्या दगडावर शाईची कांडी उगाळायची, कुंचला एकदाच बुडवायचा आणि चारही फटकारे त्या एका बुडवण्यात काढायचे. मधे पुन्हा शाई घ्यायची नाही. कागद टीपकागदासारखा, शाई टेकली की पिऊन टाकणारा.

ठिपकीने लिहिले. काय सांगू, ठसठशीत अक्षर! कडा कोरल्यासारख्या, पोट भरलेले, कुठे पांढरा कण नाही. वर्गातली मुले बघायला गोळा झाली. बाईंनी कागद उचलला, खिडकीच्या उजेडासमोर धरला आणि परत तिच्यापुढे ठेवला. पुन्हा लिही, म्हणाल्या.

दुसरा कागद, तिसरा कागद, दुसरा आठवडा, तिसरा आठवडा. पहिले पाढे पंचावन्न. शेजारच्या उंच मुलाची अक्षरे कोंबडीच्या पायांसारखी होती, पण त्याचा कागद दोन आठवड्यांत पास झाला. ठिपकीच्या अंगाचा तिळपापड झाला.

बाईंनी काही लपवून ठेवले नव्हते. त्यांनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितले होते की एकदा ओढलेली रेघ पुन्हा गिरवायची नाही. ती बारीक आली, कोरडी आली, वाकडी आली, तरी ती तशीच ठेवायची. ठिपकीला शब्द कळले होते, गोष्ट पटत नव्हती. तिच्या घरी बोर्डाला रंगाचे दोन हात द्यायचे असा नियम होता. पहिल्या हातात राहिलेली भोके दुसऱ्या हाताने भरायची. एकाच हातात काम उरकणाऱ्याला पेंटर कामचुकार म्हणत. म्हणून रेघ कोरडी गेली की तिचा हात आपसूक मागे वळायचा आणि माझ्या टोकाने ती जागा भरून काढायचा. उजेडासमोर धरले की तिथे शाईचे दोन थर दिसायचे, आजूबाजूपेक्षा काळे. तिच्या मते हा नियम ज्यांना सफाईने भरता येत नाही त्यांच्यासाठी होता. आपल्याला येते, मग आपण का भोके ठेवायची?

"अर्धवट अक्षर द्यायचं लोकांना? त्यापेक्षा देऊच नये," खोलीत आल्यावर ती मला धुता धुता मराठीत बडबडायची. मी ऐकून घ्यायचो. खरे सांगू, तेव्हा मला बाईंपेक्षा तिचेच म्हणणे पटायचे. तिने मला जिवंत केले होते. आपला तो बाळ्या म्हणतात ना, तसे.

सातव्या आठवड्यात भाषेची परीक्षा झाली, भाषणही झाले. दोन्हींत तिने वर्गात वरचा नंबर पटकावला. राहिला फक्त कागद. शेवटच्या लेखनासाठी प्रत्येकाला वीस चांगले कागद मोजून दिले होते. पास झालेल्यांची यादी शुक्रवारी दुपारी बाराला कचेरीत जायची होती. गुरुवारच्या दुपारपर्यंत ठिपकीचे अठरा कागद संपले होते, अठराही परत आलेले.

एकोणिसाव्या कागदावर शेवटचा फटकारा मधेच कोरडा गेला. तिने इकडेतिकडे पाहिले. शाई अजून ओली होती. तिने मला बाजूच्या वाटीत पाण्याचा नुसता स्पर्श दिला आणि ओल्या रेघेतच, टोकाच्या चार केसांनी, ती पांढरी जागा भरली. इतके नाजूक काम माझ्या हातून पूर्वी कोणी करून घेतले नव्हते. बाहेर आभाळ भरून आले होते. बाईंनी कागद खिडकीसमोर धरला, क्षणभर पाहिला आणि हसल्या. त्यांनी आपला लाल शिक्का काढून कोपऱ्यात उमटवला. मग मागून जाड पुठ्ठा चिकटवून कागद भिंतीवर लावला. आता मागचा उजेड त्या कागदाला कधीच लागणार नव्हता.

संध्याकाळी ठिपकीने घरी फोन लावला. मी खिडकीत दोऱ्याला उलटा टांगलेला वाळत होतो.

"बाबा, पास झाले. शिक्का बसला."

"वा! बाईंना पटलं म्हणजे अखेर."

"पटलं कसलं, त्यांना कळलंच नाही. ओल्यातच दुसरा हात मारला, नुसत्या टोकानं. तुम्ही असतात तरी सापडला नसता."

तिला शाबासकी हवी होती.

"कशाला मारलास?" पेंटरांनी विचारले.

"कशाला म्हणजे? शेवटी रेघ कोरडी गेली. आतून पांढरं दिसत होतं."

"बाईंनी नको सांगितलं होतं ना?"

"त्यांचं काय जातं सांगायला. काम पूर्ण करून द्यायचं, हे तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं. पण काय शिकवलं ते नीट आठव. बोर्ड उन्हात तापतो, पावसात भिजतो. एका हाताचा रंग वर्षात उडून जातो, म्हणून आपण दुसरा देतो. आणि देणार म्हणून गिऱ्हाइकाला आधी सांगतो. तुझा कागद कुठं लागलाय?"

"वर्गात. भिंतीवर."

"तिथं ऊन येतं?"

"नाही."

"पाऊस?"

"नाही बाबा."

"मग दुसरा हात कशासाठी होता, ठिपके?"

ती खिडकीशी आली. माझ्याकडे बघत होती, पण मी तिला दिसत नव्हतो.

"लाजेसाठी," ती हळूच म्हणाली.

पेंटर तिला रागावले नाहीत. मी इथून काय सांगणार, तुझी नोकरी आहे, तुझं तू बघ, एवढे म्हणून त्यांनी जेवलीस का ते विचारले आणि फोन ठेवला. ठिपकी कितीतरी वेळ पलंगावर बसून होती. ती काय ठरवते आहे ते मला कळत नव्हते, आणि मला भीती वाटत होती. सगळे सुरळीत झाले होते. गप्प बसले तर प्रमाणपत्र तिच्या हातात पडणार होते, जागा तिची होणार होती. भिंतीवरच्या त्या पुठ्ठ्याच्या मागे कोणीही डोकावणार नव्हते.

शुक्रवारी सकाळी आभाळ मोकळे झाले होते. ती साडेदहालाच वर्गात पोचली. भिंतीवरचा आपला कागद पुठ्ठ्यासकट काढला आणि टेबलाशी बसलेल्या बाईंसमोर ठेवला.

"ही शेवटची रेघ मी दोनदा काढली," ती म्हणाली. "काल मी सांगितलं नाही."

एवढीच दोन वाक्ये, अस्खलित जपानीत. आठ आठवड्यांत ती हजारो वाक्ये बोलली असेल, पण इतकी जड दुसरी कुठलीच नव्हती.

ओल्या फडक्याने कडा भिजवून बाईंनी कागद पुठ्ठ्यापासून सोडवला आणि खिडकीकडे नेला. ऊन थेट येत होते. शेवटच्या फटकाऱ्याच्या मधोमध तो दुसरा थर दिसला. बोटाच्या पेराएवढाच होता, पण होता.

"काल मी नीट बघितलंच नाही," बाई म्हणाल्या. "आभाळ होतं, हे खरं. पण तू पास व्हावीस म्हणून मलाच घाई झाली होती. चूक तुझी एकटीची नाही." त्यांनी लाल शिक्क्यावर बोट ठेवले. "पण शिक्का माझा आहे. तो मला परत घ्यावा लागेल."

त्यांनी कुंचला मागितला आणि ठिपकीने मला पुढे केले. दुसरा कुंचला तिच्याकडे होताच कुठे? बाईंनी मला शाईत बुडवले आणि त्या सुरेख अक्षरावर, लाल शिक्क्यावर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एकच आडवी रेघ ओढली. नऊ वर्षांनी मी बाईंच्या हातात आलो होतो. त्या हातात परत जायचे स्वप्न मी डब्यात रोज पाहिले होते, आणि जायला मिळाले ते माझ्याच मुलीचे अक्षर खोडायला. मला फार वाईट वाटले. ठिपकी मान खाली घालून उभी राहिली, पण रडली नाही.

बाईंनी घड्याळाकडे पाहिले. किती कागद उरले आहेत, त्यांनी विचारले. एक, ती म्हणाली. मग बस, म्हणाल्या, यादी बाराला जाते.

ती बसली. आधी तिने मला धुतले आणि टिपून घेतले. मग शाई उगाळायला घेतली. अकरा वाजून गेले तरी ती उगाळतच होती. तिने मला शाईत पूर्ण बुडवले, दगडाच्या काठावर जादा शाई निथळवली आणि मधला उभा फटकारा ओढला. तो किंचित डावीकडे झुकला. दुसरा बरा आला. तिसऱ्यात ती जरा जास्तच दाबून गेली, माझ्या पोटातली बरीच शाई तिथेच सांडली. आणि मला कळून चुकले की चौथ्याला ती पुरणार नाही.

चौथा फटकारा सुरू झाला तेव्हा तिलाही ते कळले. अर्ध्यावर आलो आणि माझे केस फाकले. शाई संपली होती. तिथेच उचलले असते तर रेघ आखूड राहिली असती, पण भरीव दिसली असती. तिचे मनगट क्षणभर अडखळले. मग तिने मला आणखी थोडे दाबले आणि ओढत शेवटपर्यंत नेले. घोड्याच्या ताठ केसांनी कागद खरवडत मी गेलो, अंगात होते नव्हते ते सगळे दिले. मागे राहिल्या पाच-सहा बारीक काळ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये पांढरा कागद.

तिने मला उचलले आणि तिचा हात सवयीने मागे वळला. मी त्या पांढऱ्या जागेच्या बरोबर वर होतो, दोन बोटे अंतरावर. वर्गात कोणाचे लक्ष नव्हते, बाईंनी मुद्दाम खिडकीकडे तोंड केले होते. मी मनातल्या मनात ओरडत होतो, नको गं. कुंचल्याचे ऐकतो कोण? पण तिने मला बाजूला नेले आणि पाण्याच्या वाटीत सोडले. मी गटागटा पाणी प्यालो.

बाईंनी कागद दोनदा खिडकीसमोर धरला. एकदा आजच्यासाठी आणि एकदा कालच्यासाठी, त्या म्हणाल्या. अक्षर थोडे झुकलेले होते, तिसऱ्या फटकाऱ्याला डाग होता, चौथा कोरडा होता. त्यांनी शिक्का उमटवला आणि यादीत सर्वांत खाली स्वतःच्या हाताने तिचे नाव घातले. बाराला पाच मिनिटे कमी होती.

दुपारी ठिपकीने पुन्हा घरी फोन लावला. या वेळी कॅमेरा सुरू करून तिने भिंतीवर लागलेला नवा कागद वडिलांना दाखवला. पेंटरांनी चष्मा लावला. जवळ आण, म्हणाले. आणखी जवळ. पडद्यावर त्यांचे फक्त डोळे आणि कपाळ दिसत होते. त्यांची नजर अक्षरावरून सरकत शेवटच्या फटकाऱ्यावर आली.

"इथं शाई संपली होती ना?"

"हो."

"आणि तू तिथं थांबलीस."

"नाही बाबा. थांबले नाही. तशीच पुढे गेले."

पेंटरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा लावला.

"दिसतंय," ते म्हणाले.

निघायच्या दिवशी बाईंनी मला ठिपकीच्या हातात दिले. या कुंचल्याला तू उठवलंस, तो तुझाच, असे म्हणाल्या. आता मी कारखान्यात दुभाष्याच्या टेबलाशेजारी खिळ्याला टांगलेला असतो. दिवसभर ती इंजिनिअरांचे म्हणणे कामगारांना आणि कामगारांचे इंजिनिअरांना सांगते. एखादा शब्द आला नाही तर सरळ सांगते की आला नाही, आणि विचारून घेते. सुट्टीच्या दिवशी ती मला घरी नेते आणि एक अक्षर लिहिते. एकच, मग ते कसेही येवो.

मित्रांनो, आता माझे मागणे ऐका. तुमच्या घरी कुंचला असेल, पेन असेल, कोणतेही लिहिण्याचे हत्यार असेल, तर त्याला ज्या दिवशी वापराल त्याच दिवशी स्वच्छ करा. आम्हाला मुळापर्यंत धुवा, टोक खाली करून वाळवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लावा. बसून राहण्यापेक्षा आम्हाला झिजलेले आवडते. फक्त झाकपाक करायला आम्हाला वापरू नका. रेघ कोरडी गेली तर जाऊ द्या. अंगात शाई नसतानाही मी किती लांब गेलो ते त्या पांढऱ्या फटींतच दिसते, आणि त्या कोणी भरून टाकल्या की माझे तेवढे चालणे वाया जाते.